एकीच्या दोन

डॉक्टरने सोनोग्राफीचा प्रोब पोटावर पुन्हा त्याच जागी टेकवला आणि मॉनिटर हळूच स्वतःकडे वळवून घेतला.

टेबलावर आडव्या पडलेल्या बाईंच्या ते लक्षात आलं. त्या शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापिका. ही डॉक्टर त्यांचीच विद्यार्थिनी.

“वळव इकडे,” बाई म्हणाल्या.

“बाई, आमच्या सरांना एकदा दाखवते, मग...”

“वळव गं.”

मॉनिटरवर इवलंसं हृदय धडधडत होतं. त्यातून दोन मोठ्या रोहिण्या निघायला हव्या होत्या, एक शरीराकडे, एक फुप्फुसांकडे. निघत होती एकच, जाड. तिच्या तोंडाशी झडप गळत होती आणि हृदयाभोवती पाणी साठलं होतं.

हा धडा बाई दरवर्षी शिकवायच्या. गर्भात आधी एकच नळी असते. तिच्या आत पीळ घेत घेत एक पडदा वाढतो आणि एकीच्या दोन होतात. पीळ समजावा म्हणून त्या ओला रुमाल पिळून दाखवायच्या. मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी म्हणायचं, “बाई, आता वाळत घाला.” बाईही हसायच्या.

“पडदा आलाच नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, बाई.”

“टिकेल?”

पोट पुसायला घेतलेला कागद डॉक्टरच्या मुठीतच चुरगळला. “जन्मापर्यंत... कठीण आहे.”

बाहेर सासूबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी सरकून जागा करून दिली. मग म्हणाल्या,

“घर आत्ताच बदलू म्हणून मीच हट्ट धरला. तू खोकी उचललीस.”

“आई, ते त्याच्या कितीतरी आधी झालं. मला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी सुरू झालं असेल. त्यात तुमचा दोष नाही. कुणाचाच नाही.”

“कुणाचाच?”

“नाही.”

सासूबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

“तुझ्या नवऱ्याआधी मला एक मुलगी झाली होती.” घरात हे आजवर कुणी बोललं नव्हतं. “दूध पितानाच निळी पडायची. तशीच गेली. पोटुशी असताना मी जिन्यावरून पडले होते. सगळे म्हणाले, आईला एवढंसुद्धा सांभाळता आलं नाही. तुझे सासरे तर शेवटच्या आजारपणातही म्हणाले.”

त्यांनी सुनेकडे पाहिलं. “तिचंही असंच झालं असेल का गं?”

त्या मुलीला काय झालं होतं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. बाईंनी त्यांच्या बोटाचा बंद सोडवला. बोट पांढरं पडलं होतं.

“हो, आई. असंच.”

सासूबाईंनी मान हलवली. डोळ्यांना पदर लावला नाही.

“म्हणणारे सगळे गेले,” त्या म्हणाल्या. “आता हे सांगू कुणाला?”

दार किलकिलं करून नर्सने बाईंना आत बोलावलं. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.