दारातलं स्टूल

दारात स्टूल अडकवलेलं होतं आणि मला बसायला काहीतरी हवं होतं. एवढ्यावरून सगळं झालं.

आमच्या ग्रंथालयाचा सर्व्हर तळघरात, दुर्मीळ पुस्तकांच्या खोलीत, एका बुटक्या मांडणीवर ठेवलेला आहे. त्याच्यासमोर उभं राहून काम करायचं म्हणजे कमरेत वाकावं लागतं, आणि माझी कंबर एकदा वाकली की सरळ व्हायला बराच वेळ घेते. म्हणून आत शिरता शिरता दाराशी दिसलेलं स्टूल मी उचललं आणि मांडणीपाशी नेलं. माझ्यामागून माझा मेहुणा आत आला. त्याच्यामागून दार आलं.

आगीपासून पुस्तकं वाचावीत म्हणून ते दार मुद्दाम जाडजूड केलेलं आहे. ते सावकाश लागलं आणि त्याच्या पोटात कुठेतरी खट् झालं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "इथलं स्टूल कुठंय?"

"हे काय, बसलोय ना त्यावर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, मग दाराकडे.

"सकाळी मी ते दारात कशाला ठेवलं होतं, शोभेला?"

"मला वाटलं, चुकून राहिलं असेल."

त्यानं खिशातून कार्ड काढून दाराजवळच्या, कार्ड वाचणाऱ्या चौकटीला टेकवलं. लाल दिवा लागला. मी माझं कार्ड टेकवलं. तोच दिवा, तसाच लाल.

मेहुणा वायरमन आहे. हे नवं कुलूप त्यानंच बसवलेलं. कार्ड टेकवलं की बाहेरच्या भिंतीवरची पेटी सर्व्हरला विचारते, हा माणूस आपला का? सर्व्हर हो म्हणाला की कुलूप सुटतं. आज सकाळी सात वाजता त्यानं त्या पेटीला वीज दिली, आणि सगळं नीट तपासून होईपर्यंत दार लागू नये म्हणून स्टूल अडकवून तो गेला. इकडे सकाळपासून सर्व्हर वाचनकक्षाला दाद देत नव्हता. म्हणून तर आम्ही आलो होतो.

"म्हणजे सर्व्हर सुधारल्याशिवाय दार उघडायचं नाही," मी म्हणालो.

"आणि आतून उघडायचं बटण कुणी नको म्हटलं होतं?"

मी नको म्हटलं होतं. मला वाटलं होतं, एखादा चोर कपाटामागे लपून बसेल आणि सगळे गेल्यावर बटण दाबून पुस्तकासकट निघून जाईल. पस्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला चोर असाच दिसतो, धीराचा आणि वाचनाची आवड असलेला. मेहुण्यानं तेव्हाही समजावलं होतं, पण मी चष्मा पुसत राहिलो. मी चष्मा पुसायला लागलो की लोक वाद सोडून देतात. माझं तेवढंच हत्यार आहे.

"किती वाजले?" मी विचारलं.

"दहा वीस. ताईला साडेअकराला नेणार."

ताई म्हणजे माझी बायको. तिच्या गळ्यात गाठ होती आणि आज ती काढायची होती. डॉक्टर म्हणाले होते, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त आवाज काही दिवस बसेल, क्वचित कुणाचा थोडा बदलतोही. हे ऐकून ती हसली होती. मी हसलो नव्हतो. आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे आहे. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, मुलीशी फोनवर, आणि बरेचदा माझ्याशी माझ्याच वतीनंही तीच बोलते. "तुम्हाला आता चहा हवा असेल, नाही का? हवा आहे," असं.

आज सकाळी इस्पितळातल्या पलंगावर बसून तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "अहो, मला आत नेतील ना, तेव्हा त्या दारापर्यंत माझ्याशी बोलत चला. मला त्या गाडीच्या चाकांचा आवाज ऐकत जायचं नाहीये."

"काय बोलू?"

"काहीही. चव्वेचाळीस वर्षं मी बोलले, आता पाच मिनिटं तुम्ही बोला."

मी हो म्हणालो आणि तेव्हापासून माझ्या पाचावर धारण बसली. मनात वाक्यं जुळवून पाहत होतो. सगळी शोकसभेतल्यासारखी येत होती. पावणेदहाला ग्रंथालयातल्या कारकुनाचा फोन आला, की वाचनकक्षातले सगळे कॉम्प्युटर बंद पडलेत. मी ताडकन उठलो. "दहा मिनिटांत येतो," म्हणालो. ती नुसती बघत राहिली. मग भावाला म्हणाली, "तू जा यांच्याबरोबर. एकटे गेले तर पुस्तकात तोंड खुपसून बसतील."

आता आम्ही बसलो होतो. तळघरात फोनला रेंज येत नाही. मेहुण्यानं दार बडवलं, पण त्या दारावर मूठ मारणं म्हणजे गादीवर मारण्यासारखं. वरच्या कारकुनाला मीच बजावून ठेवलंय, मी सर्व्हरपाशी असलो की हाक मारायला यायचं नाही, माझी तंद्री मोडते. सर्व्हरवरून बाहेर कुणाला निरोप धाडावा म्हटलं, तर तो फक्त इमारतीपुरता ठेवायचा, बाहेरच्या जगाशी जोडायचा नाही, हाही नियम माझाच. जिकडे हात लावावा तिकडे माझाच एखादा नियम भिंतीसारखा उभा होता.

"करा ना सुरू," मेहुणा म्हणाला. "की चष्मा पुसताय?"

मी पडदा चालू केला. सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स मी साठीनंतर शिकलो, तेही पुस्तकांवरून, त्यामुळे प्रत्येक आज्ञा टाइप करताना मला अजून परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आधी मागे वाकून केबल पाहिली. हिरवा दिवा लुकलुकत होता. मग सर्व्हरला विचारलं, तुझं जोडणीचं दार उघडं आहे का? आहे म्हणाला. मग वाचनकक्षातल्या पहिल्या कॉम्प्युटरला हाक मारली. या हाकेला पिंग म्हणतात. नुसती 'ओ' येते की नाही, एवढंच बघायचं असतं.

ओ आली. एकदा नाही, चार वेळा.

"मग बिघडलंय काय?" मेहुण्यानं खांद्यावरून डोकावून विचारलं.

"तेच कळत नाही. आपली हाक त्याला ऐकू जाते. त्याची हाक मात्र आपल्यापर्यंत पोचत नाही."

"तुमचं आणि ताईचं उलट आहे बघा."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सर्व्हरची नेटवर्क सेवा बंद करून पुन्हा चालू केली. कार्ड टेकवलं. लाल. पूर्ण सर्व्हर बंद करून चालू केला. त्यात सात मिनिटं गेली, पंख्याची घरघर ऐकत. पुन्हा लाल. दहा पन्नास झाले होते. समोरच्या कपाटात तीनशे वर्षांपूर्वीची पुस्तकं ओळीनं उभी होती. आयुष्यभर मला वाटत आलं होतं, अशा खोलीत कोंडला गेलो तर काही बिघडणार नाही. आज एकाही पुस्तकाकडे बघवेना.

मेहुणा जमिनीवर बसला होता. पाठ दाराला टेकवून, पाय लांब करून. मग म्हणाला, "भाऊजी, एक विचारू? रागावू नका."

"मी कधी रागावलोय?"

"तेच तर. कारकुनाचा फोन आला तेव्हा तुमचं तोंड पाहिलं मी. शाळेत बाई आजारी पडल्या की पोरांचं होतं तसं झालं होतं. तुम्हाला यायचंच होतं ना इकडे?"

चष्मा माझ्या हातात होता. तो मी तसाच पुन्हा डोळ्यांवर ठेवला.

"हो," मी म्हणालो. "दार लागलं तेव्हासुद्धा क्षणभर बरं वाटलं. आता माझा इलाज नाही, असं वाटलं."

"आणि आता?"

"आता दार फोडावंसं वाटतंय."

"फुटायचं नाही ते. चांगलं बसवलंय मी." तो हसला, पण डोळे त्याचेही ओले होते. "काय बोलायचं याची भीती वाटते होय तुम्हाला? अहो, तिला व्याख्यान थोडंच हवंय!"

मी पुन्हा पडद्याकडे वळलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. केबल ठीक, सर्व्हर ठीक, हाक ठीक. मग आज नवीन काय झालं? सातच्या आधी सगळं चालत होतं. सातनंतर बंद. सात वाजता काय झालं?

"तू त्या पेटीला वीज दिलीस सात वाजता," मी म्हणालो.

"आता माझ्यावर ढकला."

"नाही रे. तिला पत्ता कोणता दिलास?"

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. आमच्याकडे फक्त शेवटचा आकडा बदलतो, म्हणून आम्ही तेवढाच म्हणतो. मेहुण्यानं पाकिटातून घडी केलेली चिठ्ठी काढली. "तुम्ही दिलात तोच." चिठ्ठीवर माझं अक्षर होतं. 'दारासाठी: बारा. सर्व्हर: तीस.'

पत्त्यांची वही मांडणीवरच होती. ती मी ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीसारखी ठेवली आहे. बाराव्या ओळीवर लाल शाईनं 'रद्द' लिहिलेलं. तो आमच्या जुन्या सर्व्हरचा पत्ता. जुना सर्व्हर भंगारात गेला, नवा आला, त्याला तीस दिला, बारा मोकळा झाला. वहीत तसंच होतं, आणि वहीवर माझा विश्वास होता.

मग आठवलं. वाचनकक्षातल्या वीस कॉम्प्युटरांना जुन्या सर्व्हरचा बाराच माहीत होता. प्रत्येकाकडे जाऊन तो बदलायचा मला कंटाळा आला, किंवा खरं सांगायचं तर, भीती वाटली. म्हणून मी नव्या सर्व्हरला तीसबरोबर बाराही देऊन ठेवला होता. तात्पुरता. तात्पुरत्या गोष्टी मी वहीत लिहीत नाही. याला दोन वर्षं झाली होती.

"एक करून बघतो," मी म्हणालो. सर्व्हरवरून बारा काढून घेतला. आता त्या पत्त्यावर कुणी असायलाच नको होतं. मग बाराला हाक मारली.

ओ आली.

मेहुण्याला मी ते दाखवलं. "हे कोण बोलतंय, माहितीये? तुझी पेटी. वाचनकक्षातले कॉम्प्युटर सकाळपासून सर्व्हर समजून दाराशी बोलतायत. आणि पेटी 'मी बारा बोलतोय, हा माणूस आपला का' विचारते, तर सर्व्हर म्हणणार, बारा तर मीच आहे, हा कोण तोतया? आणि तिचा प्रश्नच फेकून देणार."

"एका पत्त्यावर दोघं?"

"आणि दोघांनाही तो मीच दिला."

मला इतका आनंद झाला, की सवयीनं मी बारा पुन्हा जागच्या जागी ठेवला. काढलेलं पुस्तक वाचून झालं की परत त्याच फळीवर ठेवायचं, हे हातातच मुरलेलं. मग कार्ड टेकवलं.

लाल.

अकरा सतरा. म्हणजे हेही चुकलं. मी तरी कसं मानलं, की मला सापडलं असेल? मी स्टुलावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

"भाऊजी," मेहुणा सावकाश म्हणाला, "आत्ता तुम्ही काय केलंत?"

"बारा परत ठेवला."

"कुठे?"

"सर्व्हरवर."

"अहो, मग पुन्हा दोघं झाले ना एका पत्त्यावर!" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "एकदा तरी एखादी वस्तू काढल्यावर जागेवर ठेवू नका हो!"

मी पुन्हा तीच आज्ञा लिहिली. शेवटचं बटण दाबताना बोट अडलं. हा पत्ता दोन वर्षं मी जपला होता, आणि तो चुकून नाहीसा होईल याचीच धास्ती घेतली होती. दाबलं. मेहुण्यानं माझ्या हातातून कार्ड घेऊन टेकवलं.

हिरवा. आणि दाराच्या पोटात खट्.

बाहेर पडताना त्यानं स्टूल उचलून दारात अडकवलं, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. वर कारकून म्हणाला, "साहेब, कॉम्प्युटर अजून बंदच आहेत." मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला म्हणालो, "राहू देत."

स्कूटरवर मेहुणा काहीतरी ओरडत होता. वाऱ्यानं शब्द पोचत नव्हते. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही धापा टाकत चढलो, तेव्हा तिची चाकाची गाडी खोलीतून निघाली होती. एक नर्स पुढे, एक मागे. बायको छताकडे बघत होती. डोक्याला हिरवी टोपी होती. चाकं खरंच वाजत होती, एक तर विशेषच.

मी गाडीच्या कडेला हात धरला. तिनं मान वळवली. तिला माझा घामेजलेला चेहरा दिसला असणार.

"कोंडले गेला होतात ना?" ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"नाहीतर आला असतात. बोला आता."

आणि मी बोललो. स्टुलापासून सुरुवात केली. दारातलं स्टूल मी बसायला घेतलं हे सांगितलं तेव्हा मागची नर्स खुदकन हसली. धीराच्या चोराचं सांगितलं, लाल दिव्याचं सांगितलं, तिचा भाऊ जमिनीवर बसून काय म्हणाला तेही सांगितलं, आणि मी 'हो' म्हणालो तेही. त्या वेळी तिनं माझं बोट दाबलं. एका पत्त्यावर दोघांना कसं बसवलं, हे मला नीट समजावता येईना, वाक्य दोनदा चुकलं, पण मी थांबलो नाही. कॉरिडॉर संपत आला. अजून बारा परत जागेवर ठेवल्याचं सांगायचं राहिलं होतं.

"ठेवलात ना परत?" ती म्हणाली. "मला माहितीच होतं."

तिचा आवाज तिचाच होता, रोजचा, थोडा थट्टेचा. नर्सनं माझा हात गाडीवरून हलकेच सोडवला. दोन झडपांचं दार तिला घेऊन आत गेलं आणि झुलत झुलत थांबलं. वर एक दिवा लागला, लाल. मी बोलतच होतो. तिच्या भावानं कपाळावर हात कसा मारला, पुन्हा आज्ञा लिहिताना माझं बोट कसं अडलं, हिरवा दिवा केवढासा होता.

"भाऊजी," मेहुणा मागून म्हणाला, "दार लागलंय."

"असू दे," मी म्हणालो. "अजून ऐकू जात असेल."