तीसपर्यंत धर

पायरी १
खोकं उघडा. सगळे भाग आहेत का, ते तपासा.

पोशेऱ्याला विमान आलं ते एसटीनं, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. शिमग्याच्या आधीची गोष्ट. नाशिकला कंपनीत असलेल्या तुषारनं बापाला, म्हणजे जिवाला, खोकं पाठवलं. खोकं एवढं दांडगं, की कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट लागंल." वर चित्र होतं. चंदेरी मिग, आ वासलेला, पोटाखाली ढग.

जिवानं वीस वर्षं हवाई दलात ह्याच विमानांची हाडं आणि कातडी सांभाळली होती. इंजिन दुसऱ्याचं, अंग जिवाचं. पेन्शनीवर घरी आला तेव्हा गावानं त्याला मेजर करून टाकलं. "मेजर नाय रं, सार्जंट," असं तो दर माणसाला बजावायचा. माणूस मान डोलवायचा आणि निघताना म्हणायचा, "बरं, येतो मेजर."

गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लोंबता झाला, पाय ओढता. जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताला काम द्या, डोक्याला त्याहून जास्त द्या. म्हणून हे खोकं. बत्तीस पटीनं लहान केलेलं विमान, बरोब्बर हातभर लांब, आणि त्याच्या पोटात खऱ्या विमानाच्या पोटात असतं ते सगळं. नळ्या, तारा, खुर्ची, नखापेक्षा बारीक घड्याळं.

डाव्या हातात चिमटा राहिला. पण चिमट्यातला तुकडा ज्याला चिकटवायचा, तो दुसरा तुकडा धरणार कोण?

"तानी," जिवानं हाक मारली.

त्या हाकेला त्याची बायको चुलीपुढून उठून आली, ती चार महिने तिथंच बसली.

पायरी २
भाग चौकटीपासून कापा. लागेल तेव्हाच कापा.

सगळे तुकडे प्लॅस्टिकच्या चौकटींना देठानं लटकलेले होते, आणि प्रत्येक देठापाशी, चौकटीच्या दांडीवर, एक आकडा. जिवा सूचनांच्या कागदातला आकडा वाचायचा, तानी तो चौकटीवर हुडकायची. मग कटरनं देठ तोडायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, ब्रशनं सिमेंट लावायचं. सिमेंट म्हणजे पाण्यासारखं पातळ औषध, त्यानं प्लॅस्टिक विरघळून एकमेकांत मुरतं. त्याच्या वासानं तानीचं डोकं धरायचं. दार उघडलं तर धूळ येते, म्हणून दार बंद.

जिवा खाटेवर, त्याच्या मांडीपुढं फळी, तानी समोरच्या स्टुलावर. भिंतीला दुसरी फळी, तिच्यावर चुन्यानं प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढलेली. कटरच्या रेषेत कटर, चिमट्याच्या रेषेत चिमटा. संध्याकाळी गिनती. हत्यारं पुरी, उरलेले तुकडे पुरे, तरच उठायचं.

"एक पाना विमानात राहिला तं माणूस मरतो," जिवा म्हणायचा. "आमच्या इथं गिनती झाल्याबिगर अफसरसुद्धा जेवायला जात नव्हता."

"ह्या विमानात कोण बसणार हाय मरायला?"

"गिनती म्हणजे गिनती."

एकदा चाकाचा खिळा कोंबडीनं टिपला. तिला टोपलीखाली कोंडून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं खिळा परत केला, तेव्हा दोघी सुटल्या. कोंबडी अंगणात गेली. तानी न्हाणीत गेली, तो खिळा धुवायला.

पायरी ५
खुर्चीचे अकरा भाग जोडा. वाळेपर्यंत दाबून धरा.

"ही बघ," जिवानं दाखवलं. "पायलटच्या दोन मांड्यांच्या मधी लाल कड्या. विमान हाताबाहेर गेलं की ह्या ओढायच्या. वरची काच उडते, खुर्ची उडते, माणूस भायेर. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"आणि विमान?"

"विमानाचं काय ते होवो."

तानीनं लाल रंगाचा ठिपका ब्रशच्या टोकानं कडीला लावला. असली खुर्ची बाजारात मिळते का, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"धर," जिवा म्हणाला. "हलू नको. तीसपर्यंत धर."

एक. दो. मोजतो परेडवर मोजल्यासारखा. तीन. चार. अंगठ्याच्या टोकाला कळ आली. पाँच. वास येतोय, कुणाचा तरी भाताचा राब भाजतायत. छह. सात. आठ. आपल्या राबावर पालापाचोळा शेजारच्या फागीच्या सुनेनं टाकला. नौ. मी इथं खुर्ची धरून. दस. ग्यारह. शेरडू ओरडतंय, पाणी नाय ठेवलं. बारह. तेरह. शिंक येतेय. चौदह. नको येऊस. पंद्रह. गेली. सोलह. ह्याच्या कपाळावर पयल्यांदा घाम दिसला दिवाळीपासून. सत्रह. अठारह. खूश हाय. उन्नीस. मला ह्याचा राग यायला पायजे. बीस. येतोय. इक्कीस. बाईस. माझ्या नाकापुढं माशी. तेईस. चौबीस. पच्चीस. बसली. छब्बीस. सत्ताईस. अठ्ठाईस. उनतीस.

"तीस. सोड."

सोडलं. खुर्ची जागची हलली नाही. तानीची बोटंही लगेच उघडली नाहीत.

पायरी ८
पुढे जाण्याआधी मागची पायरी पूर्ण वाळू द्या.

मग उठून का जात नव्हती? गेली होती की. चैत्रात एकदा खोडाळ्याच्या बाजाराला. जिवाला खाटेवर नीट बसवलं, पाणी हाताशी ठेवलं, फळी काढून घेतली, "दोन तासांत आली" म्हणाली. मीठ, मिरच्या, सुकट घेतली, ओळखीच्या बाईशी चार शब्द बोलली. परतीची जीप भरेना. साडेतीन तास झाले.

घरी आली तर जिवा जमिनीवर. हातात राहिलेला एक तुकडा खाली पडला म्हणून डाव्या हातानं उचलायला वाकला आणि खाटेवरून तोंडावर आपटला. पालथा पडलेला, उजवा हात अंगाखाली. गाल सारवणाला चिकटलेला. तानीनं उलटा केला तेव्हा तो बोलला, "गिनती पुरी हाय. तुकडा सापडला." मुठीत होता.

त्यानंतर तानीनं बाजार सोडला. नदीवर जाणं सोडलं. "आपण भुईवरच बसू ना," असं तिनं एकदोनदा सुचवलं. भुईवरून माणूस पडून पडून कुठं पडणार? पण जिवाला ते नामंजूर. कारागीर मातीत बसून विमानाचं काम करत नाही. तो खाटेवर बसणार, म्हणजे तानीनं स्टुलावर बसणं आलं.

आषाढ लागला. विमानाचं पोट मिटलं होतं, दोन्ही पंख बाकी होते, चाकं बाकी, शेपूट बाकी.

पायरी ११

फागी शेजारच्या घरची. आवणीचं, म्हणजे भातलावणीचं, गणित तिच्याकडं. राबात, म्हणजे भाजलेल्या वाफ्यात, पेरलेलं आवण, भाताचं रोप, हातभर झालं, की बायका आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या, अशा पाळीनं जाऊन लावतात. तू माझ्याकडं ये, मी तुझ्याकडं येते. जी येत नाही, तिच्याकडं कुणी जात नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण कुणी विसरत नाही.

ती इरलं बाहेर टेकवून आत आली.

"बुधवारी माझ्याकडं. मंग मालूकडं, मंग काळीकडं. तुझा दिस सहावा, तानी. येशील ना?"

"पंख लागायचेत अजून," जिवाच बोलला.

"मेजर, पंख लावून जायाचं कुठं? मोखाड्याला तं एसटी हाय."

"सार्जंट."

"हां हां, सार्जंट. त्या सार्जंटनं भात खायाचं का विमान चाटायचं?"

जिवा हसला. पण तानीचा हात विमानावर होता, तीसपर्यंत, आणि तो त्यानं सोडवला नाही.

ओटीवर आल्यावर फागीनं आवाज उतरवला. "बघ बाय, तुजी अडचण मला दिसतेय. पण बाकीच्या बायका माझं आयकायच्या नाय. पयल्या दिसाला नाय आलीस तं तुला पाळीतून काढतील. तुजं आवण राबातच म्हातारं होईल. मंग टाक गुरांपुढं."

"त्याला एकला ठेवून कशी येऊ? चैत्रात काय झालं, पायलंस ना?"

"पायलं. म्हणून तं आज सांगाया आली. बुधवारपर्यंत संपव ते विमान."

बुधवारपर्यंत! तानीनं आत येऊन कागद पाहिला. अजून बावीस पायऱ्या.

पायरी
लागेल तेव्हाच कापा.

मंगळवारी दुपारी औषधाच्या गोळ्या घेऊन जिवा झोपला. दोन तासांचा तरी निवांतपणा. तानी चौकटींपुढं बसली आणि तिला पहिल्यांदाच त्या धडपणे दिसल्या. दाटीनं उभं राहिलेलं रोप. राब. आणि आपण दोघं काय करत होतो चार महिने? एक रोप उपटायचं, खाचरात चालत जायचं, ते लावायचं, परत राबाकडं यायचं, दुसरं उपटायचं. असा शहाणा पोशेऱ्यात जन्मला नाही. आधी सगळं आवण खणायचं, मुळं झटकायची, मुठी बांधायच्या. मग लावणीला कितीसा वेळ?

तिनं कटर घेतला.

टक. टक. टक. तिचा हात बसला. गिनती मात्र तिनं सोडली नाही, जिवाचं मन होतं तिथं. लांबट तुकडे लांबटाबरोबर, गोल गोलाबरोबर, चपटे चपट्याबरोबर. दोऱ्यानं मुठी बांधल्या आणि सुपात मांडल्या. दोनशे चौदा. रिकाम्या चौकटी परसात नेऊन काकडीच्या वेलाभोवती उभ्या रोवल्या, कोंबड्यांना आडकाठी म्हणून. पाऊसही जरा उघडला होता. किती दिवसांनी तिला हलकं वाटलं.

जिवा जागा झाला. सूप पाहिलं.

"हे काय?"

"सगळं खणून ठेवलं. आथा नुसतं लावायचं. दोनशे चौदा, गिनती पुरी."

"नंबर?"

"कुठले?"

तिनं विचारलं आणि विचारताविचारताच तिला कळलं. आकडे चौकटीवर होते. तुकड्यांवर नव्हते.

पायरी

जिवा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीकडं बघत बसला. डावा हात मांडीवर उताणा. तानी स्टुलावर बसली, स्टुलाशिवाय तिला दुसरी जागा सुचली नाही. आता हे कधीच संपणार नव्हतं. दोनशे चौदा तुकडे, कुठला कुठं ते देवाला ठाऊक, आणि दर तुकड्याला तीस.

चुलीवरचं पाणी उकळून आटलं. कुणी उठलं नाही.

मग जिवानं हात लांबवला. सुपातली एक मूठ ओढली, दातांनी दोरा सोडला. एक चपटा तुकडा अंगठ्याखाली फिरवला. डोळे मिटलेले.

"चाकाचा दरवाजा," तो म्हणाला. "डावा."

दुसरा. "हवाई ब्रेक. ह्याच्या बिजागरीत रेती जायची. जोधपूरला."

तिसरा. "हा त्या डाव्याचा भाऊ." चौथा तुकडा बोटांतून निसटून जमिनीवर पडला आणि जिवा वाकला. तानीनं त्याला छातीशी अडवलं. धरला. तीसपर्यंत नाही, तो थांबेपर्यंत.

"भुईवर बस," ती म्हणाली. "सगळं भुईवर मांडते."

"मातीत—"

"मातीत नाय, घोंगडीवर. खाटेवर बसशील तं मला हितंच मरायला लागंल. भुईवर बस."

जिवानं तिच्याकडं पाहिलं. चार महिन्यांत त्यानं तिच्या हातांकडंच पाहिलं होतं, असं काहीसं त्या पाहण्यात होतं.

"उतरव," तो म्हणाला.

पायरी

बुधवारी सकाळी तिनं त्याला घोंगडीवर बसवलं, पाठीला भिंत, पुढ्यात सूप, भोवती घरातल्या सगळ्या वाट्या, झाकणं, करवंट्या. पंखाचं एका वाटीत, शेपटीचं दुसऱ्या. ओळखून वेगळं करायचं. चिकटवायचं काही नाही.

"मी फागीच्या आवणीला चालली."

"गिनती कोण करणार?"

"तू कर. गिनतीला एक हात पुरतो."

जिवा एक नळी नाकाशी धरून बघत होता. तानीनं दार उघडं टाकलं. धूळ नव्हतीच, सगळीकडं चिखल.

फागीच्या खाचरात बायका रांगेनं वाकल्या होत्या. तानी त्यांच्यात शिरली, डाव्या हातात मूठ घेतली, उजव्यानं चार काड्या सोडवून चिखलात रोवल्या. अंगठ्यानं दाबल्या.

दाबूनच राहिली. एक. दो. तीन. बाकीच्यांची रांग पुढं सरकली. तिचा अंगठा उठेना. पंद्रह. सोलह. मान वळवून तिनं घराकडं पाहिलं. उघडं दार काळं दिसत होतं, आतलं काही नाही. बाईस.

"अगं तानी!" फागी ओरडली. "सोड की त्याला! पळून जायाचं नाय ते!"

बायका खदाखदा हसल्या. तानीही हसली. उनतीस, तीस. सोडलं. पुढच्या रोपालाही तीस. त्याच्या पुढच्याला पंचवीस झाले असतील.

दुपारच्या भाकरीपर्यंत ती दहावर आली होती.