चेन किती सैल असावी

"चालकाने वाहनात परवानगीविना केलेले फेरबदल हेच सदर अपघाताचे एकमेव कारण होय."

चौकशी अहवालातले हे वाक्य ताईने मोठ्याने वाचले, कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली, बाह्या दुमडल्या आणि खात्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या मोटारसायकलच्या मागच्या चाकापाशी ती उकिडवी बसली.

'एकमेव' या शब्दावर तिचा विशेष राग होता. ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. ज्या खात्याला आपल्याच शेडमधला दिवा का लागत नाही याचे कारण वर्षभर सापडले नव्हते, त्या खात्याला तिच्या धाकट्या भावाच्या अपघाताचे कारण एका बैठकीत सापडावे, आणि तेही एकमेव, ही गोष्ट तिला तर्कापेक्षा चमत्काराच्या जवळची वाटत होती.

"मॅडम, जपून. ग्रीस लागेल," चौकशी अधिकारी म्हणाला. तो फाइल छातीशी धरून ग्रीसपासून पुरेशा अंतरावर उभा होता.

"तुमच्या अहवालाला नाही लागलेलं अजून. म्हणूनच आले."

शेडमधल्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणत. तो हसू लपवायला चिंधीने हात पुसू लागला. भिंतीशी बाबा उभे होते, ताईचे वडील. हयातभर कारखान्यात फिटर होते. माल वाहणाऱ्या लांबलचक पट्ट्यांच्या चेन त्यांच्या ताब्यात असत. येऊ नका असे ताईने सांगितले होते. "पोराची गाडी मला एकदा बघू दे," एवढेच म्हणून ते चपला घालून दारात उभे राहिले होते.

गाडी डांबरावर आणि डोंगरावर सारखीच चालावी अशा घडणीची, उंच बुडाची. खात्याचे मनोरे डोंगरमाथ्यावर होते आणि खात्याचे रस्ते पायथ्याशी संपत. मनोऱ्यांची देखभाल धाकट्याकडे, म्हणून मधली चढण त्याच्या वाट्याला येई. एका उतारावर मागचे चाक अचानक जाम झाले, गाडी आडवी गेली आणि धाकटा खडकावर पाठीवर आदळला. आता त्याला कमरेखाली काही जाणवत नव्हते. तो छताकडे बघत पडून असे आणि मनातल्या मनात गाडी खोलून पुन्हा जोडत असे.

"ताई, माझंच काहीतरी चुकलं असणार गं," तो म्हणे. "फक्त कुठे, ते सापडत नाही."

निष्काळजीपणाचा ठपका ठेवून खाते त्याला काढून टाकणार होते. ते एक वेळ सोसले असते. पण अहवाल आल्यापासून धाकटा त्यावर विश्वास ठेवू लागला होता, आणि पाय गेले ते आपल्याच हातांनी घालवले, हा विचार घेऊन माणूस उरलेले आयुष्य त्या खाटेवर कसा काढील, ते ताईला दिसत नव्हते. सकाळी त्याच्या उशाशी बसून ती म्हणाली होती, "तू नाही केलंस. ज्याने केलं त्याच्याकडून लिहून घेऊनच परत येते."

"तर मग फेरबदल," तिने आता सुरुवात केली. वर्गात हजेरी संपल्यावर करी तशीच. "हँडल उंच केलं. का, तर चढावर उभं राहून चालवावी लागते. त्याने चाक जाम होतं?"

"तसं नाही, पण—"

"साइड स्टँड लांब केला. गाडी उंच झाल्यावर जुना स्टँड जमिनीला पोचत नाही, म्हणून. त्याने?"

"मॅडम, मागचा शॉकअप लांब घातला, गाडी उंच केली, हे तर तुम्ही मान्य करता ना?"

"करते. उंच गाडी पडते असा खात्याचा शोध असेल तर तुमच्या जीपची चाकं काढा आधी."

वस्तादला खोकला आला.

"अहवालात लिहिलंय, चेन तुटून इंजिनच्या बाजूला गोळा झालेली आढळली, अपघाताचा परिणाम म्हणून," ताई पुढे म्हणाली. "परिणाम कुठला? चेन आधी तुटली, गोळा होऊन दात्यांत अडकली, म्हणून चाक जाम झालं, म्हणून तो पडला. तुम्ही पंचनामा उलटा वाचलात. प्रश्न एवढाच आहे, की चांगली चेन तुटली का. वस्ताद, हिचा तुटलेला दुवा बदलून चढवता का जागेवर? मागच्या चाकाचा नट मात्र सैल करायचा नाही. चाक आहे तिथेच राहू द्या."

वस्तादने अधिकाऱ्याकडे पाहिले. अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले, आणि त्यात नकार देण्याजोगे काही न सापडल्यामुळे मान हलवली.

हे सगळे ताई गेल्या काही दिवसांत शिकली होती, धाकट्याच्या खाटेशी बसून, त्याने बोलावे म्हणून. तो बोलायचा तो फक्त गाडीविषयी. मागचे चाक एका चिमट्यात बसवलेले असते आणि तो चिमटा खड्ड्यांप्रमाणे वरखाली होतो. चाक वर येऊ लागले की ते इंजिनपासून थोडे लांब जाते. तेव्हा लागणारी जास्तीची लांबी चेनकडे आधीपासून हवी. शहरातल्या गाडीला ती थोडी पुरते. या गाडीचा चिमटा हातभर वरखाली होणारा, त्यात धाकट्याने शॉकअप आणखी लांब घातलेला. म्हणून हिची चेन उभ्या गाडीत इतकी सैल ठेवावी लागे की बघणाऱ्याला ती कोणीतरी विसरल्यासारखी वाटे.

वस्तादने चेन चढवली. ती ना लोंबत होती, ना ताणलेली. नजरेला बरी वाटत होती.

"ही बघा," अधिकारी म्हणाला, "व्यवस्थित आहे की. कोणालाही विचारा."

"बसा तिच्यावर."

"मी?"

"तो सामानासकट जेवढा होता, तेवढं वजन आमच्या तिघांत नाही. तुमच्यात आहे."

अधिकारी फाइल खाली ठेवायला जागा शोधू लागला. शेवटी ती बाबांच्या हातात देऊन तो एक पाय टाकून चढला, पडता पडता वस्तादच्या खांद्याला धरून सावरला आणि परीक्षेला बसवल्यासारखा ताठ बसला. वस्तादने मागून कॅरिअर दाबले.

"बाबा, तुम्हीपण रेटा जरा," ताई म्हणाली.

बाबांनी फाइल खिडकीत ठेवली आणि दोन्ही तळवे सीटवर टेकवून भार दिला.

गाडीचे बूड खाली जाऊ लागले. थोडे गेले, आणि मध्येच अडले. शॉकअपमध्ये अजून भरपूर जागा होती, स्प्रिंग दबायला तयार होती, पण बूड पुढे जाईना. कुठेतरी बारीक करकर झाली. ताईने स्क्रूड्रायव्हरने चेनवर टिचकी मारली. तारेवर मारावी तसा आवाज आला.

"दाबा अजून."

"नाही जात," वस्ताद म्हणाला. त्याचा चेष्टेखोर सूर गेला होता. "चेनच धरून बसलीय सगळं. आईशप्पथ. म्हणजे दर खड्ड्याला हिला फासावर दिल्यासारखं."

"आणि एका खड्ड्याला ती तुटली," ताई म्हणाली. "उतरा साहेब. तुमचं एकमेव कारण तुमच्या बुडाखाली आहे."

अधिकारी उतरला. वस्तादनेही हात काढला. सीट वर आली आणि चेन पुन्हा बरी दिसू लागली. बाबांचे तळवे मात्र अजून सीटवरच होते. भार नव्हता. नुसते ठेवलेले होते.

"चेन जास्त ताणली असेल," अधिकारी म्हणाला, "पण ताणली कोणी? त्यानेच. म्हणजे निष्काळजीपणा राहतोच."

याच वाक्याची ताई वाट बघत होती. तिने वाकून चिमट्याच्या टोकावर बोट ठेवले. तिथे पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती, आणि नटावर तसाच एक ठिपका. दोन्ही एकमेकांसमोर असायला हवे होते. नट रेघेच्या बराच मागे सरकलेला होता.

"ही रेघ त्याची. सामान लादून, चार जणांना बसवून, मोजून त्याने ती मारली. जो माणूस रेघ मारतो, तो चाक सरकवल्यावर जुनी पुसून नवी मारतो. इथे चाक सरकलंय आणि रेघ तिथेच आहे. म्हणजे ज्याने सरकवलं त्याला ती रेघ कशासाठी आहे हेच ठाऊक नव्हतं. अशा माणसाने माझ्या भावाच्या गाडीला हात लावला आणि त्याचे पाय काढून घेतले. हे मी रागाने बोलत नाही. हे सिद्ध झालंय." ती उठली आणि वस्तादकडे वळली. "अपघाताच्या आठवड्यात गाडी तुमच्याकडे आली होती."

"ऑइल बदलायला!" वस्ताद म्हणाला. "ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नका. ऑइल सोडलं, ऑइल भरलं, सही घेतली. चेनला कशाला हात लावीन मी?"

"सवयीने. शहरातल्या गाडीची ताणता तशी ताणलीत."

"अहो, आम्ही सांगितलेलं काम करत नाही, न सांगितलेलं कधी करणार?"

अधिकाऱ्याने इशाऱ्यादाखल घसा खाकरला, पण वस्ताद आता थांबणार नव्हता. तो गुडघ्यांवर बसला आणि तिला हाताने जवळ बोलावू लागला.

"हे बघा. इकडून बघा. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवलेत, केसभर फरक नाही. आम्ही डोळ्याच्या अंदाजाने फिरवतो. नटाच्या कडा शाबूत. आमच्याकडे हवेवर चालणारा पाना आहे, तो कडा खातो. आणि ही पिन बघा नटातली. नवी आहे. दोन्ही टोकं वळवून आत बसवलीत, चिमटीने दाबून, कोणाच्या बोटाला लागू नये म्हणून. एवढी माया खात्यात कोण करतंय, ताई? हे आमचं काम नाही. असं काम करणारा आमच्याकडे असता तर मी त्याला मुकादम केला असता."

ताईने पिन पाहिली. टोके आतल्या बाजूला, एकमेकांत घट्ट मिटलेली होती.

तिच्या घरातल्या सगळ्या दारांच्या कड्यांना, खुर्चीच्या सैल पायाला, तिच्या लहानपणच्या तीनचाकीला अशाच मिटलेल्या पिना होत्या. ते तिला आठवले असे म्हणता येणार नाही. तिने फक्त मान वर केली नाही. तर्कशास्त्रात यापुढची पायरी अगदी सोपी असते. विद्यार्थी ती न विचारता सांगतात.

"मॅडम?" अधिकारी म्हणाला. "पुढे काय म्हणायचंय तुमचं?"

"काही नाही."

"म्हणजे वस्तादवरचा आरोप—"

"मागे घेते."

"मग अहवाल आहे तसा ठेवू?"

आहे तसा ठेवला तर धाकटा खाटेवर गाडी खोलत आणि जोडत राहणार होता, आणि न सापडणारी चूक आपलीच म्हणून पत्करणार होता. बदलला तर तिला घरी जाऊन त्याला वाचून दाखवावा लागणार होता. तिसरा पर्याय ती शोधत होती. इतकी वर्षे तिने मुलांना शिकवले होते, की दोनच पर्याय आहेत असे कोणी सांगितले तर तो बहुधा फसवत असतो.

बाबांनी सीटवरून हात उचलले. खिडकीतली फाइल घेऊन त्यांनी ती अधिकाऱ्याच्या हातात दिली.

"साहेब, लिहून घ्या."

"काय लिहू, काका?"

"बाबा, तुम्ही बाहेर थांबा," ताई म्हणाली. "उन्हात नको, सावलीत थांबा. मी आलेच."

"आमच्या कारखान्यात चेन लोंबली की रपाटा बसायचा," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "पण तिथली चाकं जागची हलत नव्हती ना. जमिनीत सिमेंट ओतून बसवलेली." मग अधिकाऱ्याला, "लिहा."

अधिकाऱ्याने फाइल सीटवरच उघडली आणि कोरा कागद वर घेतला. ताईचा पंजा त्या कागदावर पडला. बोटांना लागलेले ग्रीस कागदाने लगेच टिपले.

"तुम्ही मुद्दाम केलं नाही," ती हळू म्हणाली. "याला काही अर्थ नाही, बाबा. त्याला हे कळून काय मिळणार आहे?"

"तो स्वतःला खातोय, ताई. रोज ऐकतो मी भिंतीपलीकडून." त्यांनी तिचे मनगट धरले, लहान मुलाचा हात चुलीपासून बाजूला घ्यावा तसे. "काढ हात."

तिने काढला.

अधिकाऱ्याने पेन झटकले. पहिला शब्द तो सवयीने 'सदर' असा लिहिणार होता. पण बाबा बोलू लागले तेव्हा तो थांबला, आणि मग बहुधा नोकरीत पहिल्यांदाच, त्याने एका माणसाचे बोलणे जसेच्या तसे उतरवले:

"गाडी अंगणात स्टँडवर होती. चेन लोंबत होती, मला बघवेना. पोरगा डोंगरावरून थकून आला होता, झोपला होता, म्हणून उठवला नाही. मीच ताणली. दोन्हीकडून सारखी ताणली, नवी पिन घातली, पुसून ठेवली. त्याला बरं वाटेल म्हणून केलं. सांगितलं नाही, त्याचं त्याला दिसेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो एक फेरी मारून आला आणि म्हणाला, बाबा, मागून गाडी कडक लागतेय, दबतच नाही. मी म्हटलं, नवी स्प्रिंग आहे, जा तू, चालवून चालवून बसेल."