सिलिंडरच्या अंगावरचा कोट

वाल्ट्राउडने लग्नाला होकार दिला आणि गेरोल्डचा चेहरा नीट फुलायच्या आतच पुढचं वाक्य टाकलं, "पण तुझ्या त्या पाइपच्या गॅसवर मी काम करणार नाही. आधीच सांगून ठेवते."

जर्मनीतल्या लाउशा गावात लग्न मोडायला एवढं पुरेसं होतं. इथे अर्ध्या गावाचं आडनाव एक आणि घरोघरी धंदाही एकच. स्वयंपाकघराला लागून टेबल, टेबलावर बर्नर, आणि त्याच्या ज्योतीत काचेच्या नळ्या मऊ करून फुंकत बसायचं. गेरोल्ड बाहुल्यांचे आणि भुसा भरलेल्या अस्वलांचे डोळे करायचा, म्हणून सगळं गाव त्याला डोळेवाला म्हणे. वाल्ट्राउड नाताळच्या झाडावर बसवायचे पक्षी करायची. गेरोल्डने आयुष्यात लग्न केलं नव्हतं. त्याचं कारण गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं, आणि ते कारण तरुणपणीच आर्नोशी लग्न करून वर टेकडीवर राहायला गेलं होतं. आर्नो जाऊन काही वर्षं झाली, तेव्हा कुठे डोळेवाल्याने तोंड उघडलं.

आणि आता अडलं होतं गॅसवर. गेरोल्डचं घर खाली दरीत, तिथे नैसर्गिक वायूची पाइपलाइन. ती टेकडी चढत नव्हती, म्हणून वाल्ट्राउडकडे प्रोपेनचा सिलिंडर. तो खाली आणावा, तर गेरोल्डची कामाची खोली तळघरात. सिलिंडरचा गॅस जड, गळला की तळघरात साठून राहतो, एक ठिणगी आणि नवरा-नवरी दोघं ढगात. धुराडी तपासायला येणाऱ्या माणसाने नियमच दाखवला होता, तळघरात सिलिंडर नाही म्हणजे नाही. तेव्हा तिने पाइपचा गॅस पत्करायचा, नाहीतर त्याने टेकडी चढायची.

"तुझा सिलिंडर नुसता गुरगुरतो," गेरोल्ड म्हणायचा. "काच मऊ व्हायच्या आधी घाबरूनच वितळते."

"आणि तुझी ज्योत? तिच्यावर दूधसुद्धा उतू जायचं नाही!"

शेवटी मध्ये पडली हिल्मा. ही गेरोल्डची थोरली बहीण, त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी, आणि भावाचं एकदाचं लग्न व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली.

"कॉफी प्यायला बसता तेव्हा राघू-मैना, आणि गॅसचं नाव निघालं की मांजर-कुत्रं," ती म्हणाली. "एका रविवारी वाल्ट्राउड, तू ह्याच्या टेबलाशी बस. पुढच्या रविवारी हा तुझ्या. ज्याला दुसऱ्याच्या ज्योतीवर जमेल, त्याने घर बदलायचं."

"आणि दोघांनाही नाही जमलं तर?" गेरोल्डने विचारलं.

"तर आहात तिथेच मरा, एकेकटे."

रविवार ठरला, कारण इतर दिवशी कुणाला सवड? रविवारी गावात कुणी बर्नर पेटवत नाही. ह्यातच गोम होती, पण ती त्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

पहिल्या रविवारी वाल्ट्राउड सकाळची प्रार्थना आटोपून आली आणि बाह्या सरसावून बसली. सुरुवात झकास झाली. तिने पोट फुंकलं, मान काढली, चोच ओढली. गेरोल्ड मनातल्या मनात तिची खुर्ची खिडकीपाशी मांडूनही मोकळा झाला. मग शेपूट जोडायची वेळ आली आणि ज्योत एकाएकी खाली बसली. आधी आखडली, मग पिवळी पडली, मग नुसती लुकलुकायला लागली. टक् करून पक्ष्याची मान तुटली.

"नाचता येईना अंगण वाकडं," गेरोल्ड पुटपुटला.

"हे अंगण नाही रे, ही ज्योत आहे, आणि ती जेवायला गेली आहे!" वाल्ट्राउडने वर बोट केलं. वरून उकडत्या बटाट्यांचा वास येत होता. हिल्माने गोळ्यांचं मोठं पातेलं चढवलं होतं. तिनेच काय, सगळ्या दरीत घरोघरी ह्याच घटकेला बटाट्याचे गोळे चढले होते. रविवारी गोळे झाले नाहीत तर लाउशात जेवण झालं असं कुणी मानत नाही. पाइप जुना, गेरोल्डचं घर त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, सगळ्यांच्या शेगड्या एकदम पेटल्या की तिथवर गॅस पुरत नव्हता. आयुष्यभर रविवारी ह्या वेळेला तो वर ताटावर बसलेला, त्याला कसं कळणार?

तिघांनी गोळे मात्र पोटभर खाल्ले. हिल्मा कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

आता सगळं गेरोल्डच्या हातात होतं. पुढच्या रविवारी तो स्वच्छ दाढी करून, बर्फातून धापा टाकत टेकडी चढला. एक डोळा, फक्त एक चांगला डोळा करायचा, की वाल्ट्राउड आपली. अंगणात वळला आणि त्याचे पाय थबकले. भिंतीला टेकून आर्नो उभा होता.

आर्नो म्हणजे त्याचा कोट. हिरवा, शिंगाच्या बटणांचा, मानेपर्यंत लावलेला. कोटाच्या आत सिलिंडर होता. पण ते खांदे तेच, ते पोटही तेच, आणि डोक्यावर बर्फाची टोपी. ह्या माणसाने एकदा आपल्याला हरवलं, आणि आता दारात उभा राहून पाहतो आहे, असं गेरोल्डला वाटलं. फार वाईट वाटलं त्याला. इकडेतिकडे पाहून त्याने झटक्यात बटणं काढली आणि कोट कुंपणावर फेकला. कोटातून काहीतरी मऊ बर्फात पडलं. त्याने लक्ष दिलं नाही.

आत ज्योत ऐटीत गुरगुरत होती. गेरोल्डला ती चक्क आवडली. पांढरा गोळा झाला, त्यावर निळं बुबुळ चढलं. वाल्ट्राउड समोर श्वास रोखून बसली होती, आणि त्याला हे जमावं असं तिला वाटतं आहे हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. काळा ठिपका तेवढा राहिला होता. तोच ज्योतीचा आवाज बसला.

"हे कसं झालं?" ती उठली. "पिशवी तर आत्ताच गरम भरली होती."

"कसली पिशवी?"

"गरम पाण्याची! कोटाच्या आत असते. थंडीत सिलिंडर गारठतो, गॅसच सोडत नाही. म्हणून तर कोट घालते त्याला. तुला काय वाटलं, हौस म्हणून?"

गेरोल्डच्या हातात डोळा गार होत चालला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो बाहेर धावला. सिलिंडरवर पांढरं दंव चढलं होतं आणि पिशवी बर्फात गार होऊन पडली होती. त्याने अंगातला स्वतःचा उबदार कोट काढला आणि सिलिंडरला घातला. बटणं पार मानेपर्यंत लावली.

वाल्ट्राउड दुसरी गरम पिशवी घेऊन बाहेर आली. तिने कुंपणावरचा कोट पाहिला, सिलिंडरच्या अंगावरचा पाहिला, मग गेरोल्डकडे पाहिलं.

"मी काढला," तो म्हणाला. "मला तो तिथे उभा असलेला बघवेना. मी हरलो, वाल्ट्राउड. येतो."

"कुठे येतोस? गारठून मरशील खाली जाईपर्यंत." तिने पिशवी सिलिंडरच्या पोटाशी कोंबली. मग कुंपणावरचा हिरवा कोट उचलला, बर्फ झटकलं आणि गेरोल्डच्या पुढे धरला. "घाल."

"हा?"

"घाल म्हणते ना. आर्नोची काही हरकत नाही. सहा हिवाळे त्याने सिलिंडर सांभाळला, आता सुटला बिचारा."

गेरोल्डने हात घातले. बाह्या आखूड होत्या आणि कोटाला गॅसचा वास होता. आत ज्योतीचा गुरगुराट पुन्हा सुरू झालेला ऐकू येत होता.

"हिल्मा एकटी पडेल," तो म्हणाला.

"रविवारी दोघं खाली जेवायला जाऊ. तिच्यासारखे गोळे मला जमत नाहीत. नीट उभा राहा." ती शिंगाची बटणं एकेक करून लावू लागली. "आणि तो डोळा पुरा कर आधी. उगाच अर्धवट बघत राहील."