एकही मूल कच्चं नाही

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नारायण पेठेतल्या त्या शाळेत पाटीपूजन होतं, पण मुलांच्या हातात पाटी नव्हती. दहावीच्या चाळीस टॅबना हळदकुंकू लागलं होतं आणि झेंडूची फुलं काचेवरून घसरत होती. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे टक्के झळकत होते, आणि नव्वदच्या खाली एकही आकडा नव्हता.

"दोन महिन्यांपूर्वी यातली निम्मी मुलं गणितात काठावर होती," ॲपवाला राजस माइकवरून सांगत होता. "आज एकही मूल कच्चं नाही. आमचं एआय मुलाचं मन वाचतं, पेरेंट्स. ते ओरडत नाही, थकत नाही, रजा घेत नाही. सिर्फ रिझल्ट देतं."

"देवच पावला म्हणायचा," कुणाची तरी आजी म्हणाली.

मागच्या रांगेत गणिताच्या सुनीतीबाई बसल्या होत्या आणि त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बुवाबाबांची टर उडवण्यात बाईंची हयात गेलेली. अंगारा लावून पेपरला येणाऱ्या पोरांना त्या विचारायच्या, "सूत्रं पाठ आहेत का, की तीही बाबाच सांगणार?" पण ऑगस्टमध्ये संस्थेने या ॲपचं मूल्यमापन त्यांच्याकडे सोपवलं, तेव्हा राजसने वीस मिनिटं रंगीत आलेख दाखवले आणि बाईंनी 'उपयुक्त' असा शेरा मारून सही ठोकली. एकाही मुलाला ते वापरताना त्यांनी पाहिलं नव्हतं. त्याच सहीच्या जोरावर आज ॲप कायमचं घेतलं जाणार होतं, आणि बाईंचा दुपारचा कच्च्या मुलांचा वर्ग बंद होणार होता.

त्यात परवा आयुष गायकवाडने चाचणीला भूमितीचा पेपर कोरा दिला. ॲपवर त्याला शहाण्णव टक्के होते.

त्याची आई दीपाली पुढच्या रांगेत होती. अर्धी रजा टाकून, दोन बस बदलून विश्रांतवाडीहून आलेली. गायकवाडांच्या घरात देव्हारा नाही, नवस नाहीत, पुस्तकांचं कपाट आहे. दीपालीने कोणत्या बाबापुढे कधी हात जोडले नाहीत. पण शहाण्णव पाहिले आणि तिने आयुषला बाईंच्या वर्गातून काढलं. आकड्यावर कोण शंका घेणार? बाईंनी तरी कुठे घेतली होती.

राजसने नेमकं आयुषलाच मंचावर बोलावलं. पडद्यावर प्रश्न आला: काटकोन त्रिकोणात काटकोन करणाऱ्या बाजू सहा आणि आठ, तर कर्ण किती? खाली चार पर्याय. आयुषचं बोट टॅबवर फिरलं, टिंग असं वाजलं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. टाळ्या पडल्या.

बाई त्याच्या बोटाकडे पाहत होत्या. बोट तीनदा टेकलं होतं. आवाज एकदाच आला होता.

पूजेच्या पाटावर शोभेपुरती एक जुनी दगडी पाटी ठेवली होती. बाईंनी ती पेन्सिलसकट उचलली आणि थेट मंचावर जाऊन आयुषच्या हातात दिली. "आयुष, बाजू पाच आणि बारा. कर्ण काढ. पर्याय नाहीत."

आयुषने त्रिकोण काढला. पाच लिहिले, बारा लिहिले. मग पेन्सिल थांबली ती थांबलीच.

"स्टेज फिअर आहे, मॅम," राजस हसून म्हणाला. "ॲपवर तो कम्फर्टेबल असतो."

"बोर्डाच्या पेपरला तुमचं ॲप शेजारी बसणार आहे का?"

दीपाली उठून उभी राहिली. "अहो बाई, पोराला सगळ्यांसमोर कशाला उघडं पाडताय? तुमचा वर्ग बंद होतोय म्हणून?"

हे बाईंच्या जिव्हारी लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. आयुषचा चेहरा पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पाटी परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात आयुष खाली मान घालून बोलू लागला.

"चुकलं की ते उत्तर पुसट होतं, आई. मग दुसरं दाबायचं. शेवटी उरतं ते बरोबरच असतं. आम्ही सगळेच असं करतो."

संस्थेचे अध्यक्ष गोपाळकृष्ण लेले, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, काठी टेकत मंचावर आले. "आणा ते यंत्र इकडे. गणित मी मॅट्रिकलाच सोडलं, आणि त्यानेही मला." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते दहा प्रश्नांवर लागेल तिथे बोट दाबत राहिले. पडद्यावर अक्षरं आली: आकलन शंभर टक्के. अभिनंदन, तुम्ही परीक्षेसाठी सज्ज आहात.

"मग मार्चमध्ये मीच बसतो," लेले म्हणाले.

"चुका कुठे मोजता?" बाईंनी राजसला विचारलं.

"मोजत नाही, मॅम. जेवढे प्रश्न पूर्ण केले तेवढे टक्के." त्याचा आवाज उतरला होता. "चुका दाखवल्या की पेरेंट्स ॲप बंद करतात."

म्हणजे आयुषचे चार टक्के गेले, ते प्रश्न त्याने उघडलेच नव्हते म्हणून.

"दोन महिने का नाही बोललास?" दीपालीने विचारलं.

"पहिल्यांदाच तू सगळ्यांना माझे मार्क सांगत होतीस."

बाईंनी माइक घेतला. "चूक आधी माझी आहे. अंगाऱ्याला मी जन्मभर हसले आणि हिरव्या खुणेवर डोळे मिटून सही केली. यंत्र वापरा, माझी ना नाही. पण बाबा असो की ॲप, तुमचं मूल शिकलं असं कुणी सांगितलं, तर घरी पर्याय झाका आणि कोऱ्या कागदावर त्याच्याकडून एक गणित सोडवून घ्या. तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. माझ्या सहीवरसुद्धा."

बोर्डाला पाच महिनेही उरले नव्हते. चाळीसपैकी किती जणांना खरंच काही येतं, हे त्या सभागृहात एकालाही माहीत नव्हतं. बाईंनी शिपाई कचरूमामांना कार्यालयातून चाळीस कोरे कागद आणायला सांगितलं.