पुसलेल्या काचेवरचं तेल

डबा उघडला आणि ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाचून झालेली प्रत्येक स्लाइड पुसून, नंबरवार लावूनच त्या डबा बंद करत. एकवीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण त्यात कधी फरक नाही. आणि आज चार स्लाइडवर मायक्रोस्कोपखाली बघताना टाकतात त्या तेलाचे ताजे थेंब! चारही ताईंनीच वाचलेल्या. त्यातली एक तर त्यांच्या सख्ख्या भावाच्या रक्ताची.

भावाला आठवडाभर ताप होता. काल ताईंनी स्वतः त्याचं बोट टोचलं, स्वतः स्लाइड रंगवली, आणि दुसऱ्याच फील्डमध्ये, म्हणजे भिंगाखाली एकावेळी दिसणाऱ्या दुसऱ्याच तुकड्यात, हवं ते दिसलं. फुगलेली तांबडी पेशी, तिच्यावर बारीक गुलाबी ठिपके, आत वेडावाकडा पसरलेला जंतू. व्हायवॅक्स. हा मलेरिया माणसाला पिळून काढतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. दुसरा तो फाल्सिपेरम. तो मेंदूपर्यंत पोचला की दोन दिवसांत माणूस हातचा जातो, आणि त्याची औषधंही वेगळी. "व्हायवॅक्सच आहे, घाबरू नकोस," असं वहिनीला सांगून ताईंनी डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या होत्या. आज सकाळी मात्र वहिनी म्हणाली, ताप तसाच आहे आणि ते काहीबाही बरळतायत.

मग गोळ्याच बनावट असणार. नाहीतर वहिनीने वेळेवर दिल्या नसतील, तिचं कशात लक्ष असतं म्हणा! आणि आता वर हे तेल. कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की.

तेल कोणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. महिन्यापूर्वी बदलून आलेला तो शंभरराव! नाव ताईंनीच ठेवलेलं. शंभर फील्ड मोजल्याशिवाय हा गृहस्थ खुर्चीवरून हलत नसे. पहिल्याच फील्डमध्ये जंतू सापडला तरी हातातल्या काउंटरची टकटक चालूच. तेवढ्या वेळात ताई पाच स्लाइड हातावेगळ्या करत. "चोर सापडला तरी हे आपले शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरांची झडती घेत बसतात," असं त्या म्हणत आणि सगळी लॅब खो खो हसे. तो काही हसत नसे. न हसणाऱ्या माणसाचा ताईंना भारी संशय. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, हा दुसऱ्याच्या काचेवर घालत होता. खुर्चीवर डोळा असणार मेल्याचा!

जेवणाच्या सुट्टीत ताई सगळ्यांसोबत बाहेर पडल्या आणि पोळीभाजीचा डबा न उघडताच परतल्या. तो तिथेच होता, त्यांच्या मायक्रोस्कोपला डोळे लावून. टक. टक.

"सापडलात!" ताई कडाडल्या. "माझ्या स्लाइड उकरायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

तो दचकून उठला. "मोठ्या डॉक्टरांनी. दहातली एक दुसऱ्याने पडताळायची, तसा नियमच आहे ना, ताई. खात्रीसाठी ही पुन्हा मोजली, आत्ता तुम्हालाच बोलवायला निघणार होतो. ही एकदा बघता का?"

स्लाइड भावाची होती.

"व्हायवॅक्स आहे. मी पाहिलंय."

"आहेच. पण पुढे बघा."

"तुम्ही लावून ठेवलेलं मी बघणार नाही. पहिल्यापासून मोजते," म्हणत ताईंनी त्याच्या हातून काउंटर ओढून घेतला. दुसऱ्या फील्डमध्ये व्हायवॅक्स. बघा! पाचव्यात आणखी एक. अकराव्यात तिसरा. काल त्या इथेच थांबल्या होत्या. विसावं, चाळिसावं, साठावं, सगळीकडे तेच. ताईंना आता हसू यायला लागलं होतं. त्र्याऐंशीव्या फील्डवर बोट थांबलं.

केळ्यासारखा वाकलेला एक जंतू. शेजारी साध्याच मापाची पेशी, ठिपके नाहीत, आणि तिच्या कडेला चिकटलेल्या दोन नाजूक कड्या. फाल्सिपेरम.

"स्लाइड बदललीत तुम्ही!"

ताईंनी काच उपसून उजेडात धरली. कडेला कोरलेला नंबर, शेवटच्या नऊची शेपटी वर वळवलेली. ती ताईंचीच सवय, दुसऱ्या कोणाची नव्हे. संशय घ्यायला आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं. दोन्ही जंतू होते, आणि एक सापडताच त्यांनी दुसरा शोधलाच नव्हता.

त्यांनी वहिनीला फोन लावला. "अगं, त्याला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने! माझं चुकलं, माझं चुकलं गं!"

"हळू बोला हो, ताई," वहिनी कुजबुजली. "आत्ता कुठे शांत झोप लागलीय. मघाशी जेवायला हाका मारल्या, हलवलंसुद्धा, तरी डोळे उघडले नाहीत. तुम्हीच म्हणालात ना, घाबरण्यासारखं काही नाही? म्हटलं, झोपू दे."

शंभररावाने तोवर ॲम्ब्युलन्सला फोन जोडलाही होता. "ताई, पत्ता सांगा," तो म्हणाला.

ताईंनी कसाबसा पत्ता सांगितला, आणि डॉक्टरांना दाखवायला ती स्लाइड तशीच, न पुसता, मुठीत धरून त्या जिन्याकडे धावल्या.