डाव्या खांद्याची रायफल

डेलमर हाउगेनने बंदुकांच्या मासिकातून उतरवून काढलेली यादी शेजारच्या रँचवरच्या विल्मासमोर ठेवली. विल्माने आधी कॉफी संपवली, मग चष्मा लावला, मग ती हसली.

"सात बंदुका? डेल, तुला घोडी मारायचीय की कॅनडावर चाल करून जायचंय?"

"मासिकात लिहिलंय, रँचवर एवढं लागतंच म्हणून."

"मासिकवाल्यांना बंदुका खपवायच्या असतात." तिने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि एकेका ओळीवर काट मारत गेली. "हे शहरातल्या माणसांचं खेळणं. ही अस्वलासाठी, आपल्याकडे शेवटचं अस्वल माझ्या आजोबांनी पाहिलं. या दोन एकाच कामाच्या, दोन्ही जाऊ देत. उरल्या तीन. सरावाला आणि खारींना पॉइंट टू-टूची छोटी रायफल, कोंबड्यांच्या खुराड्यात घाण वास फवारणारा स्कंक शिरला तर छर्‍याची दुनळी आणि एक मोठी रायफल. आणि या तिन्ही तुझ्या घरात आहेत."

"त्या लोर्नाच्या आहेत."

"मग?"

"ती डावखुरी होती, विल्मा. दोन्ही रायफलींचा गोळी भरायचा बोल्ट डावीकडे आहे. मला काय उपयोग?"

विल्माने यादी घडी घालून परत दिली.

त्याची बायको लोर्ना मार्चमध्ये गेली. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांची कामं वाटलेली होती. ट्रॅक्टर, गवत, कुंपण आणि रविवारचा स्वयंपाक डेलमरकडे. बंदुकीचं जे काही असेल ते लोर्नाकडे. गाई विण्याच्या दिवसांत कोयोटे, म्हणजे लांडग्यासारखे रानकोल्हे, वासरांवर आले की ती जायची. शरद ऋतूत फ्रीजरसाठी एक हरीण आणायची. एखादं जनावर बरं होण्यापलीकडे गेलं की त्याला गोळी घालायचं कामही तीच करायची, आणि त्या वेळी डेलमर शेडमध्ये जाऊन ग्राइंडर सुरू करायचा. धार लावायला काही नसलं तरी चालायचं. आवाज ऐकू येऊ नये एवढंच.

आता काम एकच उरलं होतं, टॅन्सीचं. लोर्नाची घोडी, वय एकतीस. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. गवत चघळून गोळे टाकायची. तिच्याने या वर्षीचा हिवाळा निघणार नव्हता. वरच्या कुरणात ती तीन वर्षं मोकळी होती आणि लोर्नाखेरीज कुणाच्या हाताला येत नव्हती. डेलमर बादली घेऊन गेला की तीस पावलांवर थांबून बघत राहायची. तो मागे सरकला की मगच खायला यायची. जनावरांच्या डॉक्टरला आणायचं तर आधी चार माणसांनी तिला कोपऱ्यात रेटून दोर टाकायला हवा होता.

ते लोर्नाला नको होतं. शेवटच्या आठवड्यात तिने डेलमरचं मनगट धरून सांगितलं होतं, "तिला पळवायचं नाही. बांधायचं नाही. बर्फ पडायच्या आत, खात असताना, एका गोळीत. आणि परक्या माणसाने नाही डेल, तू."

तो हो म्हणाला. त्या वेळी ती चंद्र मागती तरी तो हो म्हणाला असता.

आपण कशाला हो म्हटलं ते त्याला जूनमध्ये कळलं. तेराव्या वर्षी वडिलांनी त्याला हरणाच्या शिकारीला नेलं होतं. तीन गोळ्या फुकट गेल्या. चौथी लागली, पण पोटात. हरीण ओढ्याकाठच्या झुडपांत शिरलं. दोघांनी अंधार पडेपर्यंत शोधलं, ते सापडलं नाही. परतीच्या वाटेवर वडील गाडीत एक शब्द बोलले नाहीत, आणि पुन्हा त्यांनी त्याला कधी बोलावलं नाही. त्यानंतर डेलमरने बंदूक हातात धरली नव्हती. आता तीस पावलांवरून टॅन्सी. पोटात लागली तर ती कुठवर पळेल?

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने लोर्नाच्या दोन्ही रायफली ब्लँकेटात गुंडाळल्या आणि गावात आर्नेच्या दुकानी नेल्या. आर्ने बंदुका दुरुस्त करायचा, जुन्या घ्यायचा, विकायचा. त्याने ब्लँकेट उघडलं. मोठ्या रायफलीच्या दस्त्यावर गाल टेकतो त्या जागी लोर्नाने शिवलेला कातड्याचा तुकडा होता, घासून काळा झालेला.

"नक्की?" आर्नेने विचारलं.

"नक्की. उजव्या हाताच्या दे."

आर्नेने उजव्या हाताच्या दोन रायफली काढून दिल्या.

विल्माने शिकवायला सुरुवात केली. काउंटीतल्या पोरांना तिने तीस वर्षं नेमबाजी शिकवली होती. पहिला आठवडा तिने गोळीच दिली नाही.

"बंदूक रिकामी आहे असं मला सांगू नकोस, दाखव. दुसऱ्याने दाखवली तरी स्वतः उघडून बघ. नळी कधी कशाकडे वळते ते बघ. बोट चापापासून लांब. अजून लांब. डेल, ते बोट आहे, कुंपणाचा खिळा नाही, जरा सैल सोड!"

मग नळीवर एक नाणं ठेवून चाप ओढायला लावायची. नाणं पडलं की पुन्हा. स्वयंपाकघरात उभा राहून तो रोज शंभर वेळा ओढायचा. दहा दिवसांनी नाणं पडेनासं झालं. श्वास कुठे थांबवायचा ते जमलं, चाप हिसका न देता येऊ लागला. हात मशिनीवर काम केलेले होते, त्यांना सांगितलेलं समजायचं.

पण गोळी लागेना.

वीस पावलांवर गवताच्या गठ्ठ्यावर जेवणाच्या कागदी प्लेटा टोचलेल्या. दहातल्या दोन लागायच्या, कधी एकही नाही. सगळ्या गोळ्या डावीकडे. विल्माने रायफल स्वतः झाडून पाहिली. तिच्या पाचच्या पाच मधोमध. सप्टेंबर संपला. ऑक्टोबरचे दोन आठवडे गेले. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरू लागली. टॅन्सीच्या बरगड्या लांबूनही मोजता यायच्या.

एका दुपारी तिसरी प्लेट कोरी राहिली तेव्हा डेलमरने रायफल उघडली, रिकामी केली, टेबलावर ठेवली आणि तो ट्रॅक्टरच्या पायरीवर जाऊन बसला.

"तूच कर," तो म्हणाला. "तुला ती ओळखते तरी."

"लोर्ना परकं म्हणाली ते मला धरून नसणार."

"तिने माझं नाव घेतलं होतं."

"मग ऊठ."

"विल्मा, माझ्याने व्हायचं नाही. मला एक डोळा मिटून नेमही धरता येत नाही, माहितीय? डावा मिटायला गेलो की दोन्ही मिटतात. लहानपणापासून. बाबा म्हणायचे, नुसता घुबडासारखा बघतोस."

विल्मा पेटीत काडतुसं भरत होती. तिचा हात थांबला.

"दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतोस?"

"मग काय करू?"

"अरे देवा." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "हात पुढे कर. दोन्ही. पंजे जोड, मध्ये छोटं भोक ठेव. त्या भोकातून तिकडे पवनचक्कीचं शेपूट बघ. दिसतंय?"

"दिसतंय."

तिने आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर धरला. "आता?"

"दिसतंय."

मग डाव्या डोळ्यावर. "आता?"

पंजांमधल्या भोकात शेडचं पत्र्याचं छप्पर होतं. पवनचक्की नव्हतीच.

विल्मा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "तुझा मालक डोळा, नेम धरणारा, डावा आहे. तू उजव्या खांद्यावरून मारतोस आणि बघतोस डाव्याने. आयुष्यभर मारलंस तरी डावीकडेच जाणार." तिने टोपी काढून मांडीवर आपटली. "दहा वर्षांच्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत करून घेते. तुला विचारलंच नाही. साठ वर्षांचा बाप्या, इथेच जन्मलेला, त्याला काय विचारायचं की तुझा डोळा कुठला ते सांगितलंय का कुणी! मला वाटलं बापाने पाहिलं असेल."

"बापाला वाटलं असेल मी नालायक आहे."

"लोर्नाने कधी पाहिलं नाही?"

डेलमरने बुटाने मातीत एक रेघ ओढली. "ती बोलवायची. चल म्हणायची, एकदा नुसता उभा राहा माझ्याजवळ, मला काहीतरी बघायचंय. मी म्हणायचो, गवत बांधायचंय."

विल्मा टोपी डोक्यावर चढवत म्हणाली, "आर्नेने त्या डाव्या हाताच्या विकल्या असतील का रे?"

डेलमर उठला तो गाडीच्या किल्ल्या शोधतच.

आर्नेच्या भिंतीवर रायफलींची रांग होती. डेलमरने ती डावीकडून उजवीकडे पाहिली, परत उजवीकडून डावीकडे. एकाही रायफलीवर कातड्याचा तुकडा नव्हता.

"गेल्या?" त्याने विचारलं.

आर्ने मागच्या खोलीत गेला आणि तेच ब्लँकेट, पुन्हा तसंच गुंडाळलेलं, घेऊन बाहेर आला.

"ज्याचं माणूस नुकतं गेलंय त्याने आणलेली वस्तू मी वर्षभर भिंतीवर लावत नाही," तो म्हणाला. "माझ्या बापाचा नियम होता. निम्मे लोक परत येतात. कुणी आठवड्यात, कुणी अकराव्या महिन्यात. तुला जरा लवकरच कळलं."

"माझा मालक डोळा डावा आहे, आर्ने."

"काय सांगतोस!" आर्नेने त्याच्याकडे नीट बघितलं. "म्हणजे चाळीस वर्षं त्या घरात तुझ्या मापाच्या बंदुका होत्या."

"माप नाही, तोकड्या आहेत. ती माझ्या खांद्यापर्यंत यायची."

"दस्त्याला मागून लाकडाची एक चकती लावून देतो. दोन स्क्रू. कातडं काढू का? तुझा गाल मागे येईल, तिथे नवीन लावता येईल."

"कातडं राहू दे."

डाव्या खांद्यावर पहिले चार दिवस सगळं उलटं वाटलं. डाव्या हाताने बोल्ट ओढायचा, डाव्या बोटाने चाप. डेलमर कॉफीचा कपही डाव्या हाताने उचलू लागला आणि दोनदा सांडला. पण प्लेट दिसत होती. नळीच्या टोकावरची खूण प्लेटच्या मध्यावर बसायची आणि तिथेच राहायची. पाचव्या दिवशी दहातल्या सात. मग नऊ. मग मोठी रायफल, तीस पावलं, कुंपणाच्या खांबावर टेकवून. विल्मा प्लेट लहान करत गेली. कॉफीच्या डब्याचं झाकण झालं. बशी झाली. शेवटी तिने एका पुठ्ठ्यावर घोड्याचं तोंड काढलं आणि जनावरांच्या डॉक्टरने दाखवलेल्या जागी पेन्सिलीने फुली मारली.

"हा घोडा आहे होय?" डेलमर म्हणाला. "मला वाटलं आर्ने."

"मार गुपचूप."

पाच दिवस, रोज पाच गोळ्या. पंचवीसही भोकं एका मुठीखाली झाकली जातील इतकी जवळ. विल्माने पुठ्ठा खाली काढला आणि दुसरा लावला नाही.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला रेडिओवर सांगितलं, शुक्रवारी बर्फ. बुधवारी सकाळी विल्माचा फोन आला.

"मी येऊ?"

"नको."

"बरं. मी अंगणातच असेन."

त्या भागात बंदुकीचे आवाज सगळेच मोजतात. टेकडीपलीकडे एक आवाज झाला की लोक मान हलवून कामाला लागतात. दोन झाले की पहिली नीट लागली नाही हे समजून थांबतात.

डेलमरने ओट गरम पाण्यात भिजवून मऊ केले, त्यात काकवी ओतली, दोन सफरचंदं किसून घातली. दात नसलेल्यालाही खाता येईल असं. लोर्नाच्या निळ्या बादलीत भरलं. विरळ धुकं होतं, वारा नव्हता. कुरणात नेहमीच्या जागी त्याने बादली ठेवली आणि तीस पावलं मागे येऊन खांबापाशी बसला.

टॅन्सी आली. बादलीपाशी थांबून तिने त्याच्याकडे पाहिलं. डेलमरला वाटलं, आज ही खाणार नाही. त्याने रायफल वर केली नाही. गुडघ्यावर आडवी ठेवून बसून राहिला.

"खा गं," तो म्हणाला. "तिने पाठवलंय."

घोडीने तोंड बादलीत घातलं. खाताना बादली जमिनीवर घासत होती, तो आवाज येत होता. काकवी नाकाला लागली म्हणून तिने एकदा मान वर केली, फुरफुरली, पुन्हा खाली घातली. त्याने तिला अर्ध्याच्या वर खाऊ दिलं. मग दस्ता डाव्या खांद्याला लावला आणि गाल टेकवला. कातडं थंड होतं, मग नव्हतं. दोन्ही डोळे उघडे. टॅन्सीने पुन्हा नाक पुसायला मान वर केली, समोर, त्याच्याकडे बघत. खूण जागेवर बसली. नाणं पडू न देता ओढतात तसा त्याने चाप ओढला.

ती पाय मुडपून जागच्या जागी खाली बसली, आणि मग कुशीवर कलली. बादली उलटलीसुद्धा नाही.

डेलमर दुसरी गोळी भरून जवळ गेला. थांबला. तिच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं. ती हलली नाही. इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा हात लावला होता. कपाळावरची आयाळ त्याने बाजूला केली, ती ऊबदार होती. मग रायफल उघडली, गोळी काढून खिशात टाकली आणि तिच्या मानेवर हात ठेवून तिथेच बसला. ओढ्याकाठची झुडपं तिथून दिसत होती. तो त्यांच्याकडे पाहत रडला. आधी घोडीसाठी, मग बाकीच्यांसाठी.

दुपारी ट्रॅक्टरने खड्डा खणून झाला तेव्हा विल्माची गाडी फाटकापाशी उभी होती. ती उतरली नव्हती. डेलमर चालत गेला. तिने काच खाली केली.

"एकच ऐकू आला," ती म्हणाली.

"एकच होता."

विल्माने मान हलवली आणि शेजारच्या सीटवरचा थर्मास उचलला. "कप आण जा घरातून. आणि उजव्या हातात धर, सांडशील."